शिलाहारांची माघार

राजोडी
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय रमेशभाऊ,

हे अक्षर लॉरेन्सचं नाही, माझं आहे, फ्लोराचं. घाबरू नका, ते आहेत. पण तुमच्या दोन पत्रांना उत्तर गेलं नाही, तेव्हा तुम्ही तिकडे कोल्हापुरात तोंड फुगवून बसला असाल, म्हणून लिहायला घेतलं.

बावीस सप्टेंबरला, रविवारी, चर्चमध्ये मिस्सा करून आम्ही घरी आलो आणि बुटाची नाडी सोडता सोडता हे खुर्चीतून खाली कोसळले. अर्धांगाचा झटका. पाच आठवडे हॉस्पिटलात काढले, आता घरी आणलंय. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. गिळताही येत नाही, चमचाभर पाणी दिलं तरी ठसका लागून डोळे पांढरे होतात. नाकातून नळी घातलीय, तिच्यातून पेज, दूध, गोळ्यांची पूड सोडायची. ती नळी हे डाव्या हाताने उपटून काढतात. चार वेळा काढली. प्रत्येक वेळी परत दवाखाना, परत नळी आत, आणि ती घालताना हे माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ते मला लिहिता येत नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, हात बांधा. मग मी माझी जुनी साडी फाडून पट्टी केली. त्या माणसाचा उरलेला एकुलता एक हात मी दिवसभर पलंगाला बांधून ठेवते, रमेशभाऊ. मला कोणी असं सांगितलं असतं तर मी त्याच्या तोंडात मारली असती.

फोन केला नाही कारण पलंग पुढच्या खोलीतच आहे आणि ह्यांना ऐकू सगळं येतं. त्यांच्याबद्दल त्यांच्यासमोर ओरडून काय सांगू? तुम्हाला तर फोनवर अर्धंच ऐकू येतं.

लिहायचं खरं कारण वेगळं. तुमचं शेवटचं पत्र मी काल त्यांना वाचून दाखवलं. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. यादवांचे घोडे दोन काठ्या पुढे, आणि काय काय. पण वाचता वाचता वर बघितलं तर हे मागच्या खोलीच्या दाराकडे टक लावून बघतायत. मी चाकाची खुर्ची तुमच्या त्या खेळाच्या टेबलापाशी नेली आणि हात सोडला. मला वाटलं, आता नळीला जाणार. नाही गेले. हळूच एका हत्तीवर बोट ठेवलं.

पन्नास दिवसांत ह्यांनी स्वतःहून काही मागितलं ते हे पहिलं. मी तिथेच पदर तोंडाला लावून रडले.

आता पुढे मी काय करायचं ते सांगा. तीस वर्षं त्या टेबलावरची धूळ झटकली आणि एक घोडा हलला म्हणून शिव्या खाल्ल्या, तेवढाच माझा अनुभव.

फ्लोरा


कोल्हापूर
१८ नोव्हेंबर २०२४

फ्लोरावहिनी,

पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. सुनेने दोनदा येऊन विचारलं, बाबा, जेवताय ना. आणि इतके दिवस इकडे मी लॉरेन्सला मनातल्या मनात शिव्या घालत होतो, की हरायला आला म्हणून उत्तर देत नाही. माझी मलाच लाज वाटली.

आज पळत यायला हवं होतं. पण ऑगस्टमध्ये न्हाणीघरात घसरलो, खुबा मोडला, आत सळई घातलीय. वॉकर धरून संडासापर्यंत जातो, तेवढंच माझं राज्य. गाडीत बसायचं नाव काढलं की हर्षवर्धन बापावरच डोळे वटारतो.

ठीक आहे. जे करता येईल ते करू.

तुम्ही ज्यांना बाहुल्या म्हणता त्या मी गोखिवऱ्याच्या साच्यांच्या कारखान्यात असताना जेवणाच्या सुट्टीत ओतलेल्या आहेत. बोटाच्या पेराएवढा एकेक शिपाई. ओतायचा मी, रंगवायचा लॉरेन्स. डोळ्याला भिंग लावून तो ढालीवरची नक्षी काढायचा आणि मी म्हणायचो, अरे, ती कोण बघणार आहे? तर म्हणे, शिपायाला माहीत असतं ना! लाल झेंडे माझे, देवगिरीचे यादव. निळे त्याचे, आपल्या ठाण्या-सोपाऱ्याचे शिलाहार. इतिहासात शिलाहार हरले, तरी ते आपल्या गावचे म्हणून त्याला तेच हवे.

खेळ सोपा आहे. टेबलाखाली बांबूची काठी आहे, वीतभर. पायदळ एका वेळी एक काठी चालतं, हत्तीही तेवढेच, घोडे दोन काठ्या. दोन दलं भिडली की फासे टाकायचे, मोठा आकडा जिंकतो. मी कोल्हापूरला आल्यापासून इथेही तसंच टेबल आहे. तो चाल लिहून पाठवतो, मी इथे मांडतो, माझी चाल त्याला पाठवतो. फासे ज्याने त्याने आपल्या घरी टाकायचे. इतक्या वर्षांत कोणी खोटा आकडा लिहिला नाही. आणि खेळाची गोष्ट फोनवर काढायची नाही, हा आमचा कायदा. तोंडातून गेलेलं माणूस फिरवतो, कागदावर उतरलं की उतरलं.

तर वहिनी, रोज चार वाजता त्याला टेबलापाशी न्या, हात सोडा. तो जे हलवेल ते जसंच्या तसं मला कळवा. लाल सैन्य मी लिहीन तसं तुम्ही हलवा. तो खेळत राहिला पाहिजे. मला एवढंच कळतं.

तुमचा
रमेश


राजोडी
२ डिसेंबर २०२४

प्रिय रमेशभाऊ,

तुमच्या कायद्याप्रमाणे चाललंय. दुपारची पेज नळीतून गेली की मी ह्यांचं तोंड पुसते, शर्ट बदलते. हो, शर्ट बदलते, लढाईला काय असं तसं जायचं? चारच्या आत ह्यांची नजर घड्याळाकडे लागते. फिजिओचा मुलगा म्हणतो, आंटी, अंकल माझ्यासाठी कधी अशी वाट बघत नाहीत.

चाली लिहून घ्या. पहिल्या दिवशी हत्ती मागे घेतले, तिन्ही, अगदी टेबलाच्या काठावर. दुसऱ्या दिवशी डावीकडचे घोडे मागे, पार कडेपर्यंत, जिथे निळा समुद्र रंगवलाय. मग भालेवाले मागे. पाचव्या दिवशी धनुष्यवाले. तुमच्या लाल लोकांकडे कोणी जातच नाही. मी म्हटलं, अहो, एक तरी पुढे घ्या, रमेशभाऊ हसतील. तर बघितलंसुद्धा नाही. सगळं मागे नेऊन झालं की ते हात मांडीवर ठेवतात. मग मी परत बांधते.

आता महत्त्वाचं. डॉक्टर म्हणतात, नाकातली नळी अशी किती दिवस ठेवणार, पोटाला छोटं भोक पाडून तिथूनच नळी घालू. म्हणजे उपटायचा प्रश्न नाही आणि वर्ष-वर्ष चालते. मी विचारलं, मग सुधारतील का? तर म्हणाले, बाई, सुधारणा आता फारशी नाही, पण पोषण होईल. निर्णय घरच्यांनी घ्यायचा. एलिसा कॅनडातून रोज फोनवर म्हणते, मम्मी, करून टाक. तिला काय, ती नळी उपटताना बघायला नाही. फादरना विचारलं, ते म्हणाले, त्यांची इच्छा कळत असेल तर ती बघ. आता बोलता न येणाऱ्या माणसाची इच्छा मी कुठून काढू?

म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही त्यांना खेळताना इतकी वर्षं बघितलंय. ह्या चाली समजून केलेल्या आहेत, की नुसता हात हलतोय? आत माणूस आहे का, रमेशभाऊ? आणि असला तर त्याला काय हवंय? तुम्ही सांगाल तसं मी करीन.

फ्लोरा


कोल्हापूर
८ डिसेंबर २०२४

फ्लोरावहिनी,

आत माणूस आहे का विचारता? अहो, आत अख्खा लॉरेन्स तुस्कानो बसलाय!

तुमचं पत्र आलं तशी मी इथल्या टेबलावर त्याची माघार मांडली आणि अक्षरशः टाळी वाजवली. हत्ती मागे, घोडे समुद्राच्या कडेला, भालेवाले मधे. वहिनी, ही त्याची जुनी खोड आहे. एकदा गोखिवऱ्यात माझ्या खोलीवर त्याने असंच सगळं मागे नेलं होतं. मला वाटलं, पळाला. मी आपला फुशारकीने घोडे घेऊन पाठलागाला, आणि पुळणीवर घोडे रुतले की याने तिन्ही हत्ती अंगावर घातले. चारी मुंड्या चीत केलं मला. पंधरा दिवस तो शाळेत बाकीच्या सगळ्या मास्तरांना सांगत होता.

तीच चाल. नुसता हात हलला असता तर सैन्य विस्कटलं असतं. हे ओळीने मागे गेलंय, शिस्तीत. तो मला बोलावतोय. तो लढतोय, वहिनी! असा माणूस सहज हार मानणाऱ्यातला नाही. पोटातल्या नळीचं मला वैद्यकीय काही कळत नाही, पण लढणाऱ्या शिपायाची रसद तोडायची नसते. करून टाका. एलिसाचं बरोबर आहे.

माझी चाल: मी फसणार नाही. लाल घोडे जागेवर. फक्त मधलं पायदळ एक काठी पुढे. त्याला सांगा, रमेश म्हणाला, ये की लेका, बघतो तुला.

तुम्ही काळजी करू नका. मला आज कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.

रमेश


राजोडी
१७ डिसेंबर २०२४

प्रिय रमेशभाऊ,

तुमच्या पत्राने माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी ते तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा मोठ्याने, ह्यांच्यासमोर. ‘तो लढतोय’ ह्या वाक्याला त्यांनी डोळे मिटले. त्यांना बरं वाटलं असावं.

डॉक्टरांना हो सांगितलं. नाताळ घरी करायचा आणि सव्वीस तारखेला, गुरुवारी सकाळी, दाखल व्हायचं. अर्ध्या तासाचं काम आहे म्हणतात. एलिसाने पैसे पाठवलेत, तिकडून रडली, मी इकडून. पण आता निदान ठरलं. ठरलेलं बरं असतं.

सांदणं थोडीच केलीत ह्या वर्षी. घरात खाणारी मी एकटी. शेजारच्या इझाबेलने बाळ येशूचा गोठा मांडून दिला, मेंढरं मात्र कमी पडली म्हणून तिने तुमचे दोन लाल घोडे नेले. सांगते म्हणजे नंतर भांडू नका. सात जानेवारीला परत आणून ठेवीन.

आता एक गोष्ट लिहिते, आधी लिहिली नव्हती. ह्यांचा हात किती कापतो ते तुम्हाला कळू नये असं वाटत होतं. तुमच्यासमोर ते नेहमी ताठ, मग मी कशाला त्यांची लाज काढू? तर होतं असं. सगळ्या चाली झाल्या की रोज शेवटी त्या पांढऱ्या घोड्यावरच्या माणसाला ह्यांचा हात लागतो आणि तो आडवा पडतो. पहिल्या दिवसापासून. मी उचलून उभा करते. परत पाडतात. परत उभा करते. मी म्हणते, असू दे हो, होतं असं. गेल्या आठवड्यात तर माझ्यावर चिडले, माझ्या मनगटावर हात मारला, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. आपला हात आपलं ऐकत नाही याचं दुःख किती असेल त्यांना! मला बघवेना. मग परवा दुपारी ते झोपलेले असताना मी त्या घोड्याच्या पायांना फेविक्विक लावून तो टेबलाला घट्ट चिकटवून टाकला.

आता नीट उभा राहतो. काल त्यांनी अर्धा तास त्याला ढकलून बघितलं. मग मान फिरवली आणि खुर्चीतच झोपले. आज चार वाजता टेबलाकडे न्यायला गेले तर डोळेच उघडले नाहीत. ऑपरेशनचं दडपण असेल.

नाताळच्या शुभेच्छा. मुलांना आशीर्वाद.

फ्लोरा


कोल्हापूर
२३ डिसेंबर २०२४

फ्लोरावहिनी,

तुमचं पत्र आत्ता अकरा वाजता मिळालं. हे लगेच लिहून हर्षवर्धनच्या हाती स्पीड पोस्टने पाठवतोय. परवापर्यंत मिळेल, असं तो म्हणतो.

वहिनी, तो हात कापत नव्हता.

आमच्यात एक रीत आहे. ज्याला कळलं की आता खेळ संपला, त्याने आपला सेनापती स्वतःच्या हाताने उताणा निजवायचा. तोंडाने हरलो म्हणायचं नाही. सेनापती निजला की दुसऱ्याने एक फासा टाकायचा नाही, एक शिपाई हलवायचा नाही. त्याने पलीकडे जायचं, तो सेनापती उचलायचा आणि समोरच्याच्या तळहातावर ठेवायचा. मग चहा. पांढऱ्या घोड्यावरचा तो माणूस म्हणजे लॉरेन्सचा सेनापती.

ही रीत मी तुम्हाला पहिल्या पत्रात लिहिली नाही. विसरलो नव्हतो. काठी, फासे, घोडे, सगळं लिहिलं आणि हे लिहायला आलो तेव्हा पेन थांबलं. आजारी माणसाच्या बायकोला हरायचं कसं ते कशाला शिकवायचं, असं वाटलं.

आणि ती माघारही हत्तींचा सापळा नव्हती. आता मी टेबलासमोर बसलोय आणि मला स्वच्छ दिसतंय. सापळ्यात हत्ती पुढच्या ओळीच्या लगेच पाठीशी असतात. ह्याने ते सगळ्यात मागे नेले, पार काठावर. तो आवरत होता. खेळ संपल्यावर आपण डब्यात भरायला घेतो तसा. मला दिसायला हवं होतं. मला तो लढायला हवा होता म्हणून तो लढताना दिसला, आणि मी तुम्हाला तसं लिहून मोकळा झालो.

महिनाभर तो रोज चार वाजता सांगत होता. तुम्हाला कळायची सोय नव्हती. मला होती.

नळी घालू नका, असं मी म्हणत नाही. मी कोण म्हणणार? एकदा बोलून काय झालं ते दिसतंय. पण ‘लढतोय’ हे माझं वाक्य परत घेतो. त्याच्यावर विसंबून काही करू नका. तो घोडा सोडवा, त्याच्या हाताशी द्या आणि तुम्हीच बघा.

फोन चारदा हातात घेतला. दोनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. खेळाची गोष्ट फोनवर काढायची नाही, हे मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तुमचा आवाज ऐकायची हिंमत झाली नाही.

रमेश


राजोडी
२ जानेवारी २०२५

रमेशभाऊ,

तुमचं पत्र अठ्ठावीस तारखेला, शनिवारी आलं. पंचवीसला नाताळची सुट्टी असते, हे तुमच्या घरात कोणालाच आठवलं नाही? ऑपरेशन सव्वीसला झालं. ह्यांना घेऊन मी हॉस्पिटलातून घरी आले तर, ताई, पत्र आहे, म्हणत पोस्टमन फाटकातच उभा होता. मी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं.

फोन का नाही केलात? एक फोन. मी ह्यांच्या समोर ओरडले असते, रडले असते, शेजारी गोळा झाले असते, होऊ दे की! तुमचा कायदा तुमच्या त्या शिपायांसाठी होता. माझ्यासाठी नव्हता. तीन दिवस मी तुमच्यावर इतकी चिडले होते, की हे पत्र लिहायला बसले आणि दोनदा फाडलं.

मग माझा मलाच राग आला. तुम्ही लांब होतात. मी रोज तिथे, दोन हातांवर उभी होते. त्यांनी हजारदा सांगितलं असेल आणि मी हजारदा त्यांना उभं केलं. चिकटवलं. आपल्या माणसाला असं कोणी चिकटवतं का हो?

तुम्ही सांगितलंत म्हणून तो घोडा सुरीने सोडवला. एक पाय मोडला, तो टेबलालाच राहिला. ह्यांच्या तळहातावर ठेवला. ह्यांनी बोटं मिटली नाहीत. मी विचारलं, तुम्हाला नको होतं का हे सगळं? मी इतकी जवळ होते की त्यांचा श्वास माझ्या गालाला लागत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण हो की नाही, ते मला सांगता येणार नाही. आता मी काही वाचायला जातच नाही त्यांच्या डोळ्यांत. माझं वाचणं चुकतं.

डॉक्टर खूश आहेत. वजन अर्धा किलो वाढलं. एलिसा व्हिडिओवर म्हणाली, डॅडी किती फ्रेश दिसतात! ही नळी वर्षभर टिकते, मग बदलून मिळते. नाकात काही नाही, म्हणून आता हात बांधायचा नाही. ती पट्टी मी चुलीत घातली. हात दिवसभर मोकळा असतो आणि चादरीवर पडून असतो. चार वाजता खुर्ची टेबलापाशी नेली तर तो उचलतसुद्धा नाहीत.

मी फादरकडे जाऊन कन्फेशन केलं. ते म्हणाले, बाई, तू प्रेमाने केलंस. ते मलाही माहीत आहे. त्याने काय होतं?

एक गोष्ट मला तुमच्या पत्रातून कळली आणि त्यासाठी लिहितेय. त्यांनी हार मानली ती माझ्यापुढे नाही. मला ती रीत माहीतच नव्हती आणि मला माहीत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. ते तुम्हाला सांगत होते. आणि तुमचं उत्तर आलं, ‘ये की लेका, बघतो तुला’. ते मी मोठ्याने वाचलं होतं, रमेशभाऊ. त्यांना वाटतंय, तुम्ही बघितलंत आणि तरी पायदळ पुढे घातलंत.

आता नळी काढा, असं मी कोणाला म्हणू शकत नाही. डॉक्टर ऐकणार नाहीत, एलिसा ऐकणार नाही, आणि खरं सांगू, माझाच हात धजणार नाही. ते माझ्या हातून गेलं. पण एवढं राहिलंय आणि ते माझ्याने होण्यासारखं नाही.

तुम्ही या. खुब्याचं मला सांगू नका. हर्षवर्धनला म्हणावं, मागच्या सीटवर गाद्या घाल आणि बापाला आडवं घालून आण. उत्तर लिहू नका, आलं तर मी फोडणार नाही. आलात की मला नमस्कार-चमत्कार नको, चहापाणी नको, सरळ पलंगापाशी जायचं. तो तीन पायांचा घोडा त्यांच्या उशाशी उताणा ठेवलाय. तुमच्या हाताने उचला आणि त्यांच्या तळहातावर ठेवा. आणि तोंडाने सांगा, लॉरेन्स, बघितलं.

फ्लोरा